वाचकांचे प्रश्न : धमकी आली म्हणून काय काय कापायचे?

प्रश्न : 'साउथ पार्क' या अमेरिकन विनोदी कार्टून मालिकेचा एक भाग धमकी आल्यामुळे वाहिनीने जागोजागी आवाज बंद करून दाखवला, असे वाचनात आले. माणसांच्या जिवावर बेतत असेल, तर वाहिनीने माघार घेतली यात वावगे काय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : जीव मोठा आहेच, आणि ती धमकी पोकळ नव्हती, हेही मान्य केले पाहिजे. कॉमेडी सेंट्रल या वाहिनीवर 14 एप्रिल 2010 रोजी मालिकेचा दोनशेवा भाग दाखवला गेला. त्यात पैगंबर मुहंमद अस्वलाच्या वेशात असल्याचे भासवले होते. त्यानंतर एका छोट्या अतिरेकी गटाच्या संकेतस्थळावर, निर्माते ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांची गत बहुधा थिओ व्हॅन गॉख यांच्यासारखी होईल, असा इशारा झळकला. व्हॅन गॉख या डच दिग्दर्शकाचा नोव्हेंबर 2004 मध्ये ॲमस्टरडॅममध्ये भररस्त्यात खून झाला होता, आणि त्यांच्या मृतदेहाचे छायाचित्रही इशाऱ्यासोबत होते. तो लिहिणाऱ्या तरुणाला 2011 मध्ये, या आणि इतर गुन्ह्यांसाठी, 25 वर्षांची कैद झाली. अशा वेळी कर्मचाऱ्यांच्या जिवाची काळजी वाहणे हे वाहिनीचे कर्तव्यच होते.

माझा आक्षेप काटछाट किती केली याला आहे. 21 एप्रिलच्या भागात पैगंबरांच्या नावावर 'बीप' टाकले, एवढ्यावर वाहिनी थांबली असती, तर मी त्याला नाइलाजाची सावधगिरी म्हटले असते. पण शेवटी काइल हा मुलगा, नेहमीच्या प्रथेप्रमाणे, झाल्या प्रकारातून काय शिकलो ते सांगू लागतो आणि त्याचे बोलणे सलग बीपखाली दाबले जाते; ओठ हलताना दिसतात, शब्द मात्र कळत नाहीत. अनेक प्रेक्षकांना ही मालिकेचीच गंमत वाटली. अखेर निर्मात्यांना निवेदन काढून सांगावे लागले की बीप वाहिनीने टाकले आहेत, आणि त्या भाषणात पैगंबरांचा उल्लेखसुद्धा नव्हता; ते धाकदपटशा आणि भीती यांविषयी होते. ते दाबल्याने कोणाचा जीव वाचणार होता?

याच मालिकेने जुलै 2001 मध्ये पैगंबरांना उघडपणे पडद्यावर आणले होते, तेव्हा असा गहजब झाला नव्हता. ज्या श्रद्धावंतांची मने दुखावली, त्यांना निषेधाचा आणि बहिष्काराचा पूर्ण हक्क आहे, आणि त्यांचे दुःख मला क्षुल्लक वाटत नाही; पण मूठभर धमकीखोरांचे ऐकून वाहिनीने त्यांनाच साऱ्या समाजाचे प्रवक्ते ठरवले, हा त्या सामान्य मुसलमानांवरही अन्यायच झाला.

अमेरिकी राज्यघटनेतील, अभिव्यक्तिस्वातंत्र्य जपणारी पहिली दुरुस्ती सरकारचे हात बांधते, खासगी वाहिनीचे नव्हे. त्यामुळे कायद्याने वाहिनीला दोष देता येणार नाही. निर्णय सर्वस्वी तिचाच होता, म्हणूनच धमकीमुळे आवाज कापला आहे, असे तिने पडद्यावर स्पष्ट लिहायला हवे होते आणि काइलचे भाषण तरी जसेच्या तसे ठेवायला हवे होते. धोका ओसरल्यावर मूळ भाग प्रेक्षकांना देणेही तिच्या हाती होते. प्रत्यक्षात 2020 मध्ये ही मालिका एचबीओ मॅक्स या स्ट्रीमिंग सेवेवर आली, तेव्हाही हे दोन्ही भाग तेथून वगळलेलेच होते.