अंगणातला क्रूस, कलम आणि बावखल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरासमोर पणजोबांच्या काळातला दगडी क्रूस आहे. दरवर्षी मे महिन्यातल्या रोझरीआधी (जपमाळेच्या प्रार्थनेआधी) ऑइलपेंट देतो. पावसाळा सरला की पापुद्रे निघतात, चौथऱ्याला पांढरा लोणा फुटतो. अंगणात पेव्हर ब्लॉक घातल्यापासून त्रास वाढला आहे. गवंडी म्हणतो, ग्रॅनाइटने मढवून टाका. काय करावे? (वसई)

उत्तर : मढवू नका. सिमेंटच्या आधीचे असे क्रूस बहुधा चुन्यात बांधलेले असतात. जमिनीतली ओल दगडात चढते आणि चुन्याच्या सांध्यांतून उडून जाते. ऑइलपेंटने ती वाट बुजते. ओल आत कोंडते, तिच्याबरोबर आलेले क्षार रंगामागे साचून फुगतात आणि रंगाला ढकलून बाहेर येतात. ग्रॅनाइटखाली हेच होईल, फक्त तुम्हाला दिसणार नाही. दिसेल तेव्हा फरशी सुटून आलेली असेल. तुमच्याकडे पेव्हरनी अंगण झाकले गेले आणि तिथली ओल चौथऱ्याकडे वळली, इतकेच.

पहिले काम म्हणून चौथऱ्याभोवतीचा निदान ३० सेंटिमीटरचा पट्टा मोकळा करा. तिथली माती चौथऱ्याच्या पायथ्यापेक्षा खाली घ्या, खडी भरा आणि उतार बाहेर द्या. रंग लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. तारेचा ब्रश आणि ग्राइंडर नको, त्याने दगडावरची कोरीव अक्षरे जातात. ॲसिड तर मुळीच नको, ते चुना खाते. लोणा कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत गोळा करा. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून पुन्हा आत शिरतील. मग साध्या टिश्यू पेपरचा ओला लगदा थापा, पूर्ण वाळू द्या, काढून टाका. असे दोन-तीनदा केले की बरेच क्षार निघतात.

सांधे भरायला एक भाग भिजवलेला चुना आणि तीन भाग धुतलेली नदीची रेती घ्या. खाडीची रेती स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, तिच्यासोबत मीठ परत येते. भरलेले सांधे आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवा.

शेवटी चुन्याचा हात. एक किलो कळीच्या चुन्याला साधारण ५ लिटर पाणी. चुना पाण्यात थोडा थोडा सोडा; चुन्यावर पाणी ओतले तर उकळून अंगावर उडते. चष्मा आणि हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा, प्लॅस्टिकची बादली वापरू नका. २४ तास मुरू द्या, फडक्यातून गाळा, आणि दर लिटरला ४-५ ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला. दगड आधी ओला करून पातळ तीन हात द्या. हे काम डिसेंबर-जानेवारीत करा. मेच्या उन्हात चुना धरण्याआधीच वाळतो आणि हाताला पावडर लागते, म्हणजे रोझरीला आलेल्या सगळ्यांच्या कपड्यांनाही.

हारासाठी ठोकलेले लोखंडी खिळे काढा. गंजताना ते फुगतात आणि दगडाला तडा देतात. मेणबत्त्यांसाठी वाळू भरलेले मातीचे ताट ठेवा, मेण दगडात मुरले की निघता निघत नाही. मोठी डागडुजी झाली असेल, तर नंतर फादरांकडून आशीर्वादविधी करून घ्यावा.

प्रश्न : मुलाच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या (फर्स्ट कम्युनियनच्या) दिवशी हापूसचे कलम लावले. दुसऱ्याच वर्षी मोहोर आला. आशीर्वाद समजून ठेवावा की खुडावा? (विरार)

उत्तर : खुडा. मोहोर बोटभर झाला की दांडा बुडाशी कात्रीने कापा, पाने राहू द्या. कोवळ्या कलमाने फळ धरले तर सगळे बळ फळात जाते, फांद्या भरत नाहीत आणि झाड खुरटते. पहिली तीन वर्षे हेच करा. बायबलमधल्या लेवीय १९:२३-२५ मध्ये इस्राएल लोकांना दिलेला नियमही असाच आहे : तीन वर्षे फळ खायचे नाही, चौथ्या वर्षीचे देवाला अर्पण, पाचव्यापासून खा. ख्रिस्ती माणसावर हा नियम बंधनकारक नाही, पण बागाईतदाराला तो नवा वाटणार नाही. चौथ्या वर्षीची पहिली पाटी चर्चला किंवा ज्याच्या दारी आंबा नाही त्या शेजाऱ्याला द्यायला मात्र कोणाची हरकत नसावी.

आळे जरूर करा. लूकच्या शुभवर्तमानातला (१३:८) माळी अंजिराभोवती खणून खत घालतो, पण किती दूर ते सांगत नाही, आणि चूक तिथेच होते. खत खोडाशी ढिगाने टाकले तर साल कुजते, वाळवी लागते. फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथे १५ सेंटिमीटर खोल चर काढा आणि जूनमध्ये झाडाच्या वयाच्या दर वर्षामागे १० किलो कुजलेले शेणखत घाला. दहाव्या वर्षानंतर प्रमाण वाढवू नका. कलमाच्या जोडाखालून फुटणारे धुमारे दिसताच मोडा. ते खालच्या रायवळाचे (गावठी आंब्याचे) असतात, आणि चार-पाच वर्षांनी हापूस मरून रायवळच उरतो.

प्रश्न : क्रूसावरचे सुकलेले हार आणि गेल्या वर्षीच्या झावळ्या एकाच खड्ड्यात टाकल्या तर चालतात का?

उत्तर : हार चालतात. ती केवळ वाहिलेली फुले आहेत. दोरा आणि चमकी काढा, कारण हल्लीचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असतो, कुजत नाही. एक पाटी फुलांना दोन पाट्या सुका पाला घाला. नुसती फुले टाकली तर चिखल होऊन वास मारतो.

झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरआधीच्या रविवारी) आशीर्वादित केलेल्या झावळ्या वेगळ्या. त्या कचऱ्यात जाऊ नयेत. राखेच्या बुधवारआधी (उपवासकाळ सुरू होतो तो दिवस) धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) गोळा करत असतील तर तिकडे द्या, त्यांचीच राख कपाळी लागते. नाहीतर घरी जाळून राख मातीत मिसळा, पण चौरस मीटरला मूठभर, वर्षातून एकदा. राख अल्कधर्मी असते, जास्त झाली की पाने पिवळी पडतात. जुने पवित्र पाणीही मोरीत न ओतता झाडाच्या मुळाशी ओतावे.

प्रश्न : रविवारी वाडीत काम करणे पाप आहे का?

उत्तर : पाणी घालणे, फुले तोडणे, सुटलेली शेळी हाकलणे, यात काहीच नाही. चर्चच्या कायद्याचे कलम १२४७ उपासनेच्या, आनंदाच्या आणि विश्रांतीच्या आड येणारे काम टाळायला सांगते. त्यामुळे स्वतः मिस्सेला जायचे आणि मजुराला मात्र त्याच वेळी खणायला लावायचे, हे बसत नाही.

प्रश्न : आमचे बावखल (पावसाचे पाणी साठवणारे तळे) चार भावांच्या सामाईक मालकीचे आहे. डास होतात म्हणून दोघांना ते बुजवून गाड्या लावायला जागा हवी आहे. (वसई, पश्चिम पट्टा)

उत्तर : बुजवू नये, आणि हे आम्ही अजिबात आडपडदा न ठेवता सांगतो. बावखलात साठलेले पावसाचे गोडे पाणी जमिनीत मुरते. समुद्र इतका जवळ असताना गोड्या पाण्याचा हा दाब कमी झाला आणि पंप चालूच राहिले, तर विहिरीत खारे पाणी ओढले जाते. मग विहीर चारही भावांची जाते आणि शेजाऱ्यांचीही. पावसाळ्यात बावखलात उतरणारे पाणी ओट्यावर येईल ते वेगळेच. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पिण्यायोग्य पाणी हा मूलभूत मानवी हक्क म्हटला आहे. शेजाऱ्याची विहीर खारी करणे त्यात कसे बसवणार?

डासांचा बंदोबस्त सोपा आहे. डास साचलेल्या, मासे नसलेल्या पाण्यात वाढतात. बावखलात गप्पी मासे सोडा आणि काठावरची झुडपे पाण्यावर वाकू देऊ नका. एप्रिलअखेर पाणी तळाला गेले की काळा गाळ काढा, मूळ तळ उकरू नका. गाळ दोन-तीन आठवडे उन्हात वाळवून केळींना घाला. कपडे धुणे काठावर नको, आणि शौचालयाचा शोषखड्डा निदान १८ मीटर दूर हवा. जलपर्णी दिसली तर फुलण्याआधी मुळासकट ओढा आणि पाण्यापासून लांब वाळवा. काठावर टाकलेली पहिल्या पावसात परत आत जाते.