आईने किडनी दिली, तरी माझ्या डायरीचं पान कोरंच

पत्र मोठं आहे, म्हणून थोडक्यात सांगते. नाशिकचा २९ वर्षांचा मुलगा आहे. अडीच वर्षं डायलिसिस केलं, मग आईची किडनी जुळली. ट्रान्सप्लांटला साडेचार महिने झालेत आणि तेव्हापासून तो वरच्या मजल्यावरच्या खोलीत एकटाच आहे. भेटायला कुणी यायचं नाही, पाणी उकळून गार केलेलं, बाहेरचं खाणं बंद, ताट दाराबाहेरच्या खुर्चीवर. तो लिहितो, "ताई, जो फोन करतो तो म्हणतो आईचे उपकार विसरू नकोस. बहिणीने डायरी दिलीय, रोज ५ गोष्टी लिहायच्या ज्यांच्याबद्दल थँकफुल वाटतं. ४ दिवस लिहिलं, पाचव्या दिवशी कोरं पान बघून रडायलाच लागलो. मी कृतघ्न आहे का?"

अरे राजा, आधी ती डायरी कपाटात ठेव. बहिणीला सांग ताईने सांगितलंय.

आणि मग तुझंच पत्र परत वाच. मी तीनदा वाचलं. मधेच एका कंसात तू लिहिलंयस की ऑपरेशनच्या रात्री सिस्टर म्हणाली, "बघ, पिशवी भरली," आणि तिने बाहेर जाऊन बाबांना सांगितलं तेव्हा ते भिंतीला टेकून रडले. ज्या माणसाला वर्ष-दीड वर्ष लघवीच नीट होत नव्हती त्याची पिशवी भरली, आणि ते तू कंसात टाकलंस! उपकारांवर मात्र दीड पान लिहिलंयस.

मला वाटतं तुझी सगळी घुसमट तिथेच आहे. उपकार म्हटलं की फेडणं आलं आणि किडनी कशी फेडणार? पैसे असते तर हप्ते पाडले असते. मग माणूस रोज सकाळी उठून कर्जदारासारखा बसतो आणि त्या बसण्यातून आभार कुठून येणार, येते ती फक्त भीती, की आपण पुरे पडत नाही. तुला फोन करणाऱ्यांचं मन वाईट नाहीये, पण ते वाक्य तुझ्या उपयोगाचं नाही. पुढच्या वेळी कुणी म्हणालं तर सरळ सांग, "काका, ते राहू दे, तुमच्याकडे पाऊस कसाय ते सांगा."

माझा मोठा भाऊ ४ वर्षं डायलिसिसवर होता. आठवड्यातून ३ दिवस, दर वेळी ४ तास. किडनी पाणी बाहेर टाकत नाही, म्हणून त्याला दिवसाला एक लिटरच्या आत पाणी, त्यातच चहा, आमटी, औषधाचा घोट सगळं धरायचं. त्याचा एक स्टीलचा पेला होता, वहिनीने त्यावर आतून नेलपॉलिशची रेघ मारली होती, त्या रेघेच्या वर पाणी जायचं नाही. उन्हाळ्यात तो चूळ भरायचा आणि ते पाणी तोंडात धरून डोळे मिटून बसायचा, मग थुंकायचा. त्याला किडनी मिळाली नाही. तो पेला अजून माझ्याकडे आहे.

आणि तू लिहितोस की डॉक्टरांनी रोज ३ लिटर पाणी प्यायला सांगितलंय आणि तुला त्याचा कंटाळा आलाय. कंटाळा येऊ शकतो, मी रागावत नाहीये. पण उद्या सकाळचा पहिला तांब्या जरा सावकाश पी. रेघ नाही, मोजणं नाही, घसा भरून. तेवढंच कर. लिहू नकोस, कुणाला सांगू नकोस, ५ गोष्टी शोधू नकोस. ज्या दिवशी पाणी पिताना काहीच वाटलं नाही त्या दिवशी नाही वाटलं, परवा बघू. बंद खोलीत रोज नवीन काहीतरी सुंदर शोधून काढणं हे कामच होऊन बसतं, त्यापेक्षा जे तुझ्याकडून काढून घेतलं होतं आणि आता परत मिळालंय तेवढ्याकडेच लक्ष दे, तुझ्याकडे अशी यादी माझ्यापेक्षा मोठी असणार. पायावरची सूज उतरली असेल. मशीनच्या दिवसानंतरची ती गळून गेलेली संध्याकाळ आता येत नाही.

एक गोष्ट मात्र नक्की डोक्यात ठेव. रडू येणं, झोप उडणं, चिडचिड होणं यात तुझ्या गोळ्यांचाही हात असू शकतो, स्टेरॉइडने मूड खालीवर होतो हे डॉक्टरांना माहीत असतं. तू त्यांना सांगितलंयस का? पत्रात तसं दिसलं नाही. पुढच्या क्रिएटिनिनच्या, म्हणजे किडनी किती काम करतेय ते बघण्याच्या रक्ततपासणीला जाशील तेव्हा स्पष्ट सांग. गोळी स्वतःहून कमी करायची नाही, एक वेळसुद्धा चुकवायची नाही. १९५४ साली बोस्टनला पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट झालं ते अगदी एकसारख्या जुळ्या भावांमध्ये, एकाची दुसऱ्याला, म्हणून शरीराने ती परकी मानली नाही. आई-मुलामध्ये तसं होत नाही रे, तुझ्या आईची किडनी तुझ्यात टिकतेय ती त्या सकाळ-संध्याकाळच्या गोळ्यांमुळे आणि त्याच गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात म्हणून ही खोली. पहिले महिने सगळ्यात जपायचे असतात, पुढे डोस हळूहळू उतरतात. मास्क लावून गच्चीवर कधी जाता येईल, कोण भेटू शकतं, हे डॉक्टरांना एकेक करून विचार, आपल्या मनाने नियम वाढवू नकोस. आणि एखाद्या रात्री फारच काळोख दाटला तर १४४१६ ला फोन लाव, टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

आता आई. तुझ्या दीड पानात आईने काय दिलं ते आहे, पण आई सध्या कशी आहे हे एका ओळीतही नाही. दुखावण्यासाठी म्हणत नाहीये, उपकाराचं ओझं असंच करतं, समोरचं माणूस दिसेनासं होतं, फक्त देणं दिसतं. तिच्याही पोटावर टाके पडलेत. तिचंही बीपी, लघवी, क्रिएटिनिन दर वर्षी तपासायला हवं आणि आपल्या घरांमध्ये देणाऱ्या बाईची तपासणीच सगळ्यात आधी राहून जाते, ती म्हणते मला काय झालंय आणि सगळे ऐकतात. तिची तारीख तू फोनवरून घेऊन ठेव, हे खोलीत बसून जमतं.

तू लिहिलंयस ती ताट ठेवते, "ठेवलंय रे" म्हणते आणि खाली जाते, कारण तुला त्रास नको. आज रात्री ८ च्या गोळीच्या वेळी तिला थांबव. ताटाची खुर्ची रिकामी कर, तिला दाराबाहेर त्यावर बसव, दोघांनी मास्क लावा. थँक्यू वगैरे म्हणायचं नाही. टाके अजून ओढतात का, कुशीवर झोपता येतं का, तेवढं विचार. आणि ती "काही नाही रे" म्हणाली तर लगेच सोडू नकोस, परत एकदा विचार.