गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर परतलेल्या शालेय बास्केटबॉलपटूची महाविद्यालयीन संघासाठी पारख कशी करावी?

पहिल्या दोन-चार सामन्यांत तिने किती गुण मिळवले, यावरून तर मुळीच करू नये. आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझी मुलगी दहावीत असताना फेब्रुवारीत तिच्या उजव्या गुडघ्याचे एसीएल लिगामेंट (गुडघा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध) तुटले, मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या जानेवारीत, म्हणजे दहाव्या महिन्यात, ती पुन्हा सामना खेळली. आधीच्या मोसमात तिचा खेळ तीनदा पाहून गेलेले एक प्रशिक्षक त्या दिवशी आले, मध्यंतरालाच उठले आणि "आता तिच्यात पूर्वीचा झपाटा राहिलेला नाही," एवढे सांगून निघून गेले. तिचे गुण होते चार.

त्या रात्री मी चित्रफीत थांबवून थांबवून पाहिली. अकरा रिबाउंडपैकी (नेम चुकून परतलेला चेंडू उडी मारून पकडणे) नऊ वेळा ती केवळ डाव्या पायावर उतरली होती. वेग गेलेला नव्हता. उजव्या पायावर भार टाकण्याचा विश्वास अजून परतायचा होता. फेब्रुवारीअखेरच्या सामन्यात ती दोन्ही पायांवर उतरत होती आणि उजवा पाय घट्ट रोवून डावीकडे वळत होती, पण ते पाहायला प्रशिक्षकांपैकी कोणीही आले नव्हते.

म्हणून पाय पाहा. शस्त्रक्रियेला नऊ महिने झाले आहेत का आणि त्या पायाच्या मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान 90 टक्के आहे का, हे फिजिओथेरपिस्टकडून समजते. ती उतरते कशी आणि थांबते कशी, हे मात्र स्वतःच पाहावे लागते, आणि तेही सामन्यापेक्षा सरावात अधिक स्पष्ट दिसते. अमेरिकन बास्केटबॉलपटू अझी फडचे हेच लिगामेंट 2019 मध्ये, ती शाळेत असतानाच तुटले होते, तरीही कनेक्टिकट विद्यापीठाने तिला घेतले आणि 2025 च्या राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिने 24 गुण मिळवले.

अर्थात 2023 मध्ये तिचे लिगामेंट पुन्हा तुटले होते, हेही सांगायला हवे. कोवळ्या वयात हा धोका खरोखरच मोठा असतो, आणि शिष्यवृत्ती पणाला लावणाऱ्या प्रशिक्षकाची सावधगिरी मला समजते. परंतु आमच्याकडे आलेले प्रशिक्षक अमेरिकन महाविद्यालयीन क्रीडेतील तिसऱ्या श्रेणीतील (डिव्हिजन थ्री) महाविद्यालयाचे होते, जिथे क्रीडा शिष्यवृत्ती दिलीच जात नाही. त्यांनी उरलेला अर्धा सामना पाहायला हवा होता, असे मी आजही म्हणतो.

तुमच्या खेळाडूला परतून किती आठवडे झाले, हे तुम्ही प्रश्नात लिहिलेले नाही. सहा झाले नसतील तर निर्णय लांबवा आणि तोवर तिच्या दुखापतीपूर्वीच्या सामन्यांच्या चित्रफिती मागवून घ्या.