पुण्याहून निघणाऱ्या लांब पल्ल्याच्या मोटार रॅलीत वेगाचे ई-चलन आले, तर दंड कोणी भरायचा?

दंड आयोजकांवर ढकलता येत नाही. चलन गाडीच्या नोंदणीकृत मालकाच्या नावाने निघते आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 नुसार हलक्या वाहनाला 1000 ते 2000 रुपये दंड होऊ शकतो. दाराला रॅलीचा क्रमांक चिकटवला म्हणून कोणतीही सूट मिळत नाही, हे कृपया लक्षात घ्यावे.

महाट्रॅफिक ॲपवर चलनासोबतचे छायाचित्र आधी नीट पाहा. नंबरप्लेट, ठिकाण किंवा वेळ चुकीची असेल तर तेथेच तक्रार नोंदवता येते, अन्यथा दंड वेळेत भरून टाकावा.

खरी चूक बहुधा टोलनाक्यावर होते. रांगेत चार मिनिटे गेली की नेव्हिगेटर घड्याळाकडे पाहून अस्वस्थ होतो आणि चालक ती मिनिटे पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर भरून काढू पाहतो, जिथे मोटारींची कमाल मर्यादा ताशी 100 किलोमीटर आहे. टीएसडी (वेळ-वेग-अंतर) रॅलीत ठरलेला सरासरी वेग राखायचा असतो आणि वेळेआधी पोहोचल्यासही गुण कापले जातात, त्यामुळे मला ही घाई अत्यंत चुकीची वाटते. उशिराचे गुण जाऊ द्यावेत. त्याच रस्त्यावर इतरांची कुटुंबेही प्रवास करत असतात.