दारू पीत नाही, मग पबमध्ये जाऊन करू काय?

भाडं, शाळा, थंडीचे कपडे आणि कुकर आणावा का (आण, आणि रबरी रिंगा दोन जास्तीच्या आण), एवढं परवा फोनवर झालं. पाचवा प्रश्न तू फोन ठेवता ठेवता आवाज बारीक करून विचारलास. इथल्या हॉस्पिटलातल्या तुझ्या नव्या वॉर्डच्या ग्रुपवर आलंय की पहिल्या शुक्रवारी ड्यूटी संपल्यावर सगळे 'स्पून्स'ला, ऑपेरा हाऊसमध्ये भेटणार. "ताई, मी घेत नाही, शाकाहारी आहे, बारची पायरी कधी चढले नाही. नाही गेले तर वाईट दिसेल का? आणि ऑपेरा हाऊस म्हणजे नाटक की दारू?" तेव्हा घाईत "अगं जा गं बिनधास्त" म्हणून मोकळी झाले. पण इंग्लंडमधल्या या टनब्रिज वेल्सला येऊन मला नऊ वर्षं झाली आणि पहिलं वर्ष मी याच भीतीपोटी घरी बसून काढलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नाटक की दारू? आधी नाटक, मग सिनेमा, मग बिंगो, आणि १९९६ पासून दारू. स्टेशनवरून माउंट प्लेझंट रोडचा चढ चढायला लागलीस की घुमटाची एक जुनी भारदस्त इमारत दिसेल. १९०२ मध्ये ती गावाचं ऑपेरा हाऊस म्हणून बांधली. आता तिथे वेदरस्पून या साखळीचा पब आहे, त्याचंच लाडाचं नाव स्पून्स. इमारत संरक्षित यादीत असल्यामुळे आतलं मोडून टाकता येत नाही. त्यामुळे दार ढकलून आत गेलीस की तू थेट प्रेक्षागृहातच उभी असतेस. वर गोलाकार सज्जे, त्यांच्या कठड्यांवर नक्षी, बाजूला राजेशाही बॉक्स, समोर रंगमंच. फक्त खुर्च्यांच्या रांगांच्या जागी गालिचा आणि टेबलं. रंगमंचावरही टेबलं.

मी सांगलीची. पहिलं मराठी नाटक १८४३ मध्ये आमच्या गावात झालं, हे आम्हाला पाळण्यात असल्यापासून ऐकवलं जातं. प्रयोगाआधी रंगमंचाला हात लावून नमस्कार करायचा, नारळ फोडायचा, चपला विंगेत काढायच्या. अशा घरातली मी, आणि इथे स्टेजवर एक गृहस्थ चिखलाचे बूट घालून अंड्याबरोबर चिप्स खातायत! पोटात कसंसंच झालं. नवऱ्याला म्हटलं, चल, मला नाही बसायचं. तो म्हणाला, आपल्या गावातली थेटरं आठव. पाडली, काहींत गोडाऊन झालं, काहींच्या जागी दुकानांचे गाळे आले. इथे निदान पडदा आहे, बॉक्स आहेत, आणि पब झाल्यावरही अधूनमधून ऑपेराचे प्रयोग झालेत. मला त्याचं म्हणणं लगेच पटलं नाही. पण बसले.

बसले आणि बसूनच राहिले. आपल्या हॉटेलच्या सवयीने वाटलं, पोऱ्या येईल, पाण्याचे ग्लास ठेवील, मेनू देईल. पंचवीस मिनिटं आम्ही दोघं शहाण्यासारखे हात मांडीवर ठेवून सज्जाची नक्षी बघत होतो. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या आजींनी विचारलं, "आर यू वेटिंग फॉर समवन, लव्ह?" म्हणून कळलं, की इथे कुणी विचारायला येत नाही. आधी टेबल धरायचं, त्याच्यावरचा नंबर बघायचा, मग बारवर जाऊन नंबर सांगून खाण्याची ऑर्डर द्यायची आणि पैसे तिथेच भरायचे. पेय लगेच हातात देतात, ते आपणच घेऊन यायचं. खाणं टेबलावर येतं. तू तर त्यांचं ॲप फोनवर टाक. टेबल नंबर घातला की पेयसुद्धा टेबलावर येतं, कुणाशी बोलायलाच नको. पहिल्या महिन्यात इथले उच्चार कानाला बसेपर्यंत मला ॲप म्हणजे देव वाटला असता. तेव्हा माझ्याकडे नव्हतं.

बारवर गेलीसच तर तिथे रांग दिसणार नाही. रांगेसाठी जीव देणारा हा देश बारपाशी आला की आडवा पसरतो. पण प्रत्येकाच्या डोक्यात रांग पक्की असते: माझ्या आधी निळा कोट, मग तो टकलू, मग मी. बारवाला चुकून तुझ्याकडे आधी वळला तर "ही वॉज बिफोर मी" म्हण, तुझी पत वाढते. नोटा हलवणं, "एक्स्क्यूज मी" ओरडणं, चुटकी, हे चुकूनही नको. टिपही नको, बारवर ती पद्धत नाही.

आता तुझी खरी भीती. तुझ्या डोळ्यांसमोर आहे नाशिकची परमिट रूम: काळ्या काचा, मंद दिवा, बाहेर मोटारसायकली, 'फॅमिली रूम वर' अशी पाटी आणि वर जायची कुणाची हिंमत नाही. ते चित्र विमानतळावरच टाकून ये. पब म्हणजे मुळात पब्लिक हाऊस, आणि ऑपेरा हाऊससारख्या ठिकाणी सकाळी आठ-नऊला गेलीस तर अर्ध्या टेबलांवर चहा-कॉफीच असते. मोठ्या नाकाचे, मफलर गुंडाळलेले आजोबा पेपर वाचतात. बाबागाड्या घेऊन आलेल्या आया असतात. कॉफी-चहाचा कप एकदा विकत घेतला की पुन्हा पुन्हा भरून घेता येतो, त्यामुळे हिवाळ्यात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना तीन तास उबेत काढायला याहून स्वस्त जागा नाही. यातले दोघे-तिघे मला आता नावाने ओळखतात. आपल्याकडे देवळाच्या पारावर जे चालतं ना, तेच इथे छपराखाली. सिगारेटचा धूरही नाही. २००७ पासून इंग्लंडमध्ये बंद जागेत ओढायला बंदी आहे. आणि स्पून्समध्ये सहसा गाणी लावत नाहीत, त्यामुळे समोरच्याचं बोलणं ऐकू येतं. नव्या माणसाला याचं महत्त्व फार. दुसऱ्या पबात तीन तास नुसतं हसून मान डोलावल्यावर मला ते कळलं.

शुक्रवारी रात्रीचं मात्र वेगळं. साडेआठनंतर आवाज चढतो, पाय अडखळतात, कुणीतरी ग्लास फोडतं आणि सगळा पब एका सुरात "ओऽऽय" करतो. घाबरू नकोस, पण थांबायचीही सक्ती नाही. सहाला जायचं, साडेसातला "माझी बस आहे" म्हणून निघायचं. कुणी विचारत नाही. मी आठ वर्षं हेच करतेय.

प्यायचं काय? 'लाइम अँड सोडा' हा आपल्यासारख्यांचा जुना आधार: लिंबाचं सिरप, सोडा, बर्फ, सर्वांत स्वस्त. पाइंटच्या ग्लासात मागितलास तर दिसायलाही छान भरगच्च दिसतो (पाइंट म्हणजे ५६८ मिली, आपल्या अर्ध्या लिटरहून थोडा जास्त). 'जिंजर बिअर' नावाला बिअर आहे, बहुतेक ठिकाणी ते आल्याचं गोड पेय असतं. तरी बाटलीवर बघून घे, काही दारूचीही निघतात. 'सायडर' मात्र उलटं. सफरचंदाचं चित्र बघून माझ्या नवऱ्याने ऑफिसच्या पार्टीत दोन पाइंट 'ज्यूस' रिचवला आणि घरी येऊन आईला व्हिडिओ कॉल लावला. सायडर ही सफरचंदाची दारू आहे. सासूबाई अजून विचारतात, त्या दिवशी तो एवढा प्रेमळ का झाला होता.

आणि राऊंड. हे नीट समजून घे, कारण इथे माणूस ओळखला जातो तो यावरून. चौघे बसले की एक जण उठून विचारतो, "व्हॉट आर यू हॅविंग?" आणि चौघांचं आणतो. मग दुसरा, मग तिसरा. तू तीन लाइम-सोडे फुकटात पिऊन पळालीस तर तोंडावर कुणी काही बोलणार नाही, पण लक्षात ठेवतील. दोन रस्ते आहेत. एकतर तुझ्या पाळीला तूही सगळ्यांचं आण. बिअरला हात लावायला मनाला पटत नसेल तर ॲपवरून मागव. नाहीतर सुरुवातीलाच हसून सांग, "आय'ल गेट माय ओन, आय'म ओन्ली स्टेइंग फॉर वन." दोन्ही चालतं. मधलं चालत नाही. का पीत नाही याचं कारण देत बसू नकोस. "आय डोंट ड्रिंक" एवढं पुरतं. धर्म, संस्कार, सासर सगळं मी पहिल्या वेळी समजावत बसले होते, समोरची बिचारी फक्त ग्लास किती मोठा हवा ते विचारत होती.

खाण्याचं: मेनूवर शाकाहारी पदार्थांना खूण असते. भाजलेला बटाटा आणि त्यावर बीन्स मेनूवर असेल तर तो पोटभरीचा आणि निर्धोक. चिप्स कुठल्या तेलात तळतात हे तुझ्यासाठी महत्त्वाचं असेल तर ॲपवर पदार्थाची माहिती उघड किंवा सरळ विचार. मासा आणि चिप्स एकाच कढईत तळणं या देशात कुठेही होऊ शकतं. गुरुवारी त्यांचा 'करी क्लब' असतो, करीबरोबर भात, नान, पापड आणि एक पेय त्याच किमतीत. दत्ताच्या वारीच करी, उपासवाल्यांची सोय अजिबात नाही! चव? नानला मी नान म्हणणार नाही. पण बाहेर चार वाजता अंधार पडलेला असताना गरम भात समोर येतो तेव्हा तक्रार सुचत नाही.

ओळखपत्राचं मात्र विसरू नकोस. इथे अठरा पूर्ण झालेल्यांनाच दारू मिळते आणि बऱ्याच ठिकाणी पंचविशीच्या आतली वाटणाऱ्या कुणालाही वय विचारतात. तू एकोणतीसची असलीस तरी दिसतेस बावीसची, त्यामुळे राऊंड आणायला गेलीस तर तुला विचारणार. व्हिसाचं प्लॅस्टिक कार्ड आता मिळत नाही, सगळं ऑनलाइन झालंय. रात्री पासपोर्ट पर्समध्ये घेऊन हिंडू नकोस. पत्ता पक्का झाला की 'प्रोव्हिजनल', म्हणजे शिकाऊ ड्रायव्हिंग लायसन्सचा ऑनलाइन अर्ज कर, गाडी चालव वा नको चालवू; ओळख म्हणून सगळीकडे चालतं.

भाऊजी आणि चिमणी मागाहून आले की दिवसा जेवायला तिघं जा. मोठ्यांबरोबर जेवायला मुलं चालतात, संध्याकाळी ठरावीक वेळेनंतर नाही. वेळ दाराशी लिहिलेली असते. तिला स्वच्छतागृहाला न्यायचं असेल तर मात्र वेळ हातात ठेवून उठ. जुन्या इमारतीत स्वच्छतागृह जिथे बसलं तिथे बसवलेलं असतं, जिने चढ-उतरून तिथे पोचणं हा सगळ्या देशाचा विनोद आहे.

एक गोष्ट तुझ्या कानावर येईलच. या साखळीचे संस्थापक टिम मार्टिन यांनी ब्रेक्झिटचा, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा, उघड प्रचार केला होता, म्हणून माझ्या ऑफिसातल्या दोघी तिथे पाय ठेवत नाहीत. त्यांचं मत त्यांच्यापाशी. त्यांच्यादेखत "स्पून्सला जाऊ या" म्हणू नकोस इतकंच. याच मार्टिननी १९७९ मध्ये लंडनच्या मझवेल हिलमध्ये पहिला पब काढला. वेदरस्पून हे नाव त्यांच्या न्यूझीलंडमधल्या एका मास्तरांचं; म्हणे त्यांना वर्ग आवरता यायचा नाही. शुक्रवारी रात्री नऊला आत गेलीस तर नाव सार्थ वाटतं.

पुढे फिरायला लागलीस की अशा इमारती ठिकठिकाणी भेटतील. एडिंबराला जॉर्ज स्ट्रीटवरच्या जुन्या बँकेत त्यांचा पब आहे, तिजोरीच्या खोलीचं दार अजून तसंच. मँचेस्टरला डीन्सगेटवर जुन्या सिनेमागृहात, हॅरोगेटला व्हिक्टोरियन स्नानगृहांच्या इमारतीत, रॅम्सगेटला समुद्रकाठच्या पॅव्हिलियनमध्ये. प्रत्येक ठिकाणचा गालिचा वेगळा, त्या जागेसाठी मुद्दाम विणून घेतलेला. भिंतींवर गावाच्या इतिहासाच्या तसबिरी असतात, त्या वाच. आपल्या टनब्रिज वेल्सला 'रॉयल' ही उपाधी १९०९ मध्ये मिळाली आणि १६०६ मध्ये सापडलेल्या लोहयुक्त पाण्याच्या झऱ्यावरून हे गाव वसलं, असल्या गोष्टी गप्पांत फार उपयोगी पडतात. हवामानाचा विषय संपला की माझ्याकडे दुसरं काही नसायचं.

पोचलीस की कळव. त्या शुक्रवारच्या आधी एका रविवारी सकाळी आपण दोघी जाऊन येऊ. तेव्हा गर्दी नसते, स्टेजवरचं टेबल मिळतं. चपला काढायच्या की नाही ते तुझं तू ठरव, मी अजून टेबलाखाली हळूच काढते.