आईच्या गुडघ्यांना कोणती सेडान मानवेल?

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. २०२३ची वापरलेली सेडान घ्यायची आहे. होंडा सिटी झेडएक्स सीव्हीटी आणि ह्युंदाई वर्ना एसएक्स (ओ) आयव्हीटी अशा दोन ऑटोमॅटिक गाड्या पाहून ठेवल्या आहेत आणि किंमतही जवळपास सारखीच सांगतात. गाडीत मागे बहुतेक वेळा सासू-सासरे असतात, सासूबाईंना गुडघेदुखी आहे. नवऱ्याचं मन वर्नाच्या व्हेंटिलेटेड (आतून हवा खेळवणाऱ्या) सीटवर गेलंय. आरामाच्या दृष्टीने कोणती बरी? – एक वाचक, ठाणे

उत्तर : मागे बसणाऱ्यांसाठी घेत असाल तर सिटी. नवऱ्याचं म्हणणं अगदीच मोडीत काढण्यासारखं नाही, पण त्या सीट फक्त पुढे आहेत. मागच्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही.

आकड्यांवर जाऊ नका, फसाल. वर्नाचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २,६७० मिमी आहे, सिटीचा २,६००. म्हणजे गुडघ्यांसमोरची जागा वर्नात जास्त आणि ती बसल्यावर जाणवतेही. पण गुडघेदुखीवाल्या माणसाची अडचण बसल्यानंतरची नसते, बसताना आणि उठतानाची असते. वर्नाचं छप्पर मागे उतरत जातं आणि गाडीची उंचीही १,४७५ मिमी, सिटीपेक्षा १४ मिमी कमी. त्यामुळे मागच्या दारातून आत शिरताना मान जास्त वाकवावी लागते. मान वाकली की सगळा भार गुडघ्यावर येतो. सिटीत डोक्यावरची जागाही मोकळी आहे आणि मागचं आसन मांडीला नीट आधार देतं.

तरी आमच्या शब्दावर गाडी घेऊ नका. सासूबाई घरात ज्या खुर्चीवरून हात न टेकता उठतात तिची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा. मग दोन्ही गाड्यांच्या मागच्या सीटच्या बाहेरच्या कडेची उंची मोजा. सेडानची सीट खुर्चीपेक्षा खालीच भरणार, पण फरक कुठे कमी आहे ते कळेल. हे माप सोसायटीत, तुमच्या नेहमीच्या पार्किंगच्या जागी घ्या, कारण शेजारची गाडी किंवा खांब आड आला की दार अर्धंच उघडतं आणि शोरूममधली ऐसपैस जागा तिथे नसते. सासूबाईंना आधी पाठ गाडीकडे करून बसू द्या, नंतर दोन्ही पाय एकदम आत. उठताना याच्या उलट. ही पद्धत ज्या गाडीत सहज जमेल ती गाडी तुमची.

आता व्हेंटिलेटेड सीटविषयी. त्यात वेगळा एसी नसतो. सीटच्या आत छोटे पंखे असतात आणि ते छिद्रं असलेल्या कव्हरमधून केबिनचीच हवा खेळवतात. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या सीट चालू केली तर गरम हवाच फिरते. आधी काचा खाली करून मिनिटभर कोंडलेली हवा जाऊ द्या, एसी चार-पाच मिनिटं चालू द्या, मग सीटचं बटण. मुंबईच्या दमट मे महिन्यात पाठ कोरडी राहते, हे सुख खरंच आहे. पण वापरलेल्या गाडीत एक गोष्ट हमखास आढळते : आधीच्या मालकाने वर जाड रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलेलं असतं. मग पंखे फिरतात आणि हवा येत नाही. शिवाय बाजूच्या एअरबॅग पुढच्या सीटच्या कडेतच असतात, त्यांच्या आड कव्हर येणं धोक्याचं. कव्हर असेल तर काढायला लावा, दोन्ही सीट सर्वांत वरच्या पायरीवर पाच मिनिटं चालवा आणि आवाजाची तुलना करा. एक बाजू खरखरत असेल किंवा गप्प असेल तर पंख्यात धूळ गेली आहे किंवा तो बंद पडला आहे. सीटखाली पाण्याची बाटली, फडकं, छत्री ठेवायची सवय असेल तर ती सोडावी लागेल.

रोजच्या वापरात आम्हाला जास्त खटकते ती वर्नाची टच पट्टी. एकाच पट्टीवर एसी आणि म्युझिक दोन्ही चालतात, बटण दाबून आलटून पालटून. दिसायला झकास, पण माजिवड्याच्या गर्दीत तापमान बदलायला गेलात आणि पट्टी म्युझिकवर असली तर गाणं मोठं होतं. सिटीत एसीला गोल फिरणारे नॉब आहेत, रस्त्यावरची नजर न काढता हाताला सापडतात. फोन जोडण्यातही सिटी सोयीची : २०२३च्या सिटीत अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले (फोनवरचे नकाशे, गाणी गाडीच्या पडद्यावर आणणारी सोय) वायरशिवाय चालतं, वर्नाच्या मोठ्या पडद्याला सुरुवातीला वायर लागायची. डावीकडे वळण्याचा दिवा दिला की डाव्या आरशाखालच्या कॅमेऱ्याचं चित्र सिटीच्या पडद्यावर येतं. घोडबंदरला डावीकडून घुसणाऱ्या दुचाकींसाठी याच्याइतकी कामाची सोय दुसरी नाही.

बूट (सामानाची डिकी) दोन्हीचे मोठे, सिटी ५०६ लिटर आणि वर्ना ५२८. यात निवडण्यासारखं काही नाही. दोन्ही गिअरबॉक्स सीव्हीटी, म्हणजे पायऱ्या नसलेल्या ऑटोमॅटिक पद्धतीचेच आहेत (ह्युंदाई त्याला आयव्हीटी म्हणते), रांगत्या गर्दीत दोन्ही सारखेच मऊ. चाचणी थंड इंजिनावर घ्या. ब्रेक हळूच सोडून गाडी नुसती सरकू द्या. थरथर किंवा धक्का जाणवला, किंवा सर्व्हिसच्या नोंदीत गिअरबॉक्सचं तेल बदलल्याचा उल्लेख हवा तेव्हा नसला, तर किंमत पाडून घेण्याऐवजी दुसरी गाडी शोधा.

शेवटचं : राइड तपासण्याआधी टायरची हवा मोजा. विक्रेत्याच्या आवारात उभ्या गाड्यांत ती बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त भरलेली असते आणि मग चांगली गाडीही खड्ड्यात आपटते. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आकडा असतो. टायर थंड असताना दोन्ही गाड्यांत तेवढीच हवा ठेवा आणि एकाच रस्त्यावर, शक्यतो पेव्हर ब्लॉकवरून, मागे बसून फिरा. चालवून नव्हे.

प्रश्न : खारघरहून ऐरोलीला रोज जातो. नवी डिझायर एएमटी घ्यावी की नवी अमेझ सीव्हीटी? डिझायरला सनरूफ आहे म्हणून घरात तिचाच आग्रह आहे. – एक वाचक, खारघर

उत्तर : घरच्यांना सनरूफ वर्षातून किती वेळा उघडणार ते विचारा. जूनपासून चार महिने पाऊस, मार्चपासून ऊन. उरलेल्या दिवसांत धूळ.

तुमचा प्रश्न खरा गिअरबॉक्सचा आहे. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. गिअर बदलताना ओढ क्षणभर तुटते आणि मान पुढे हलते. ठाणे-बेलापूर रस्त्यावर पहिला-दुसरा, दुसरा-पहिला असं चाललं की ते तासाभराने अंगावर येतं. अमेझच्या सीव्हीटीत पट्टा आणि पुल्या असतात, पायऱ्याच नाहीत, म्हणून धक्काही नाही. बदल्यात पॅडल जोरात दाबलं की इंजिन आधी ओरडतं आणि गाडीचा वेग मागाहून वाढतो.

खर्चात मात्र डिझायर खूप पुढे. कंपनीचा प्रमाणित आकडा एएमटीला लिटरमागे २५.७१ किमी, अमेझ सीव्हीटीला १९.४६. प्रत्यक्षात दोन्ही कमी मिळतील, अंतर राहीलच. महिन्याचे किमी काढा आणि फरकाचे पैसे मानेच्या आरामाला द्यायची तयारी आहे का ते ठरवा. आम्ही देऊ. सीएनजी हवी असेल तर विषय संपला, डिझायर सीएनजी फक्त मॅन्युअल गिअरमध्येच येते.

डिझायरच्या वरच्या व्हेरियंटला ३६० अंशांचा कॅमेरा आहे, अमेझच्या वरच्या व्हेरियंटला ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा. अरुंद पार्किंगला पहिला रोज कामाचा. दुसरी हायवेला, सरकत्या गर्दीत नाही. चाचणी घेताना दोन्ही गाड्या उड्डाणपुलाच्या चढावर गर्दीत उभ्या करून पुन्हा उचला. तिथे एएमटीला ॲक्सिलरेटरवर अडवून धरलं तर क्लच जळतो, ब्रेकच धरून ठेवायचा.

प्रश्न : आमच्या इमारतीत स्टॅक पार्किंग (गाड्या एकावर एक ठेवणारं यंत्र) आहे. सिटी बसेल का?

उत्तर : यंत्रावरच्या पाटीवर लांबी, रुंदी, उंची आणि वजन लिहिलेलं असतं, ते बघा. सिटी ४,५८३ मिमी लांब आणि १,४८९ मिमी उंच आहे, त्यामुळे सेडानसाठी बांधलेल्या पॅलेटवर (गाडी जिच्यावर उभी राहते ती फळी) उंचीची अडचण सहसा येत नाही. गोम रुंदीत आहे. ब्रोशरमधली १,७४८ मिमी ही आरसे सोडून असते. पॅलेटच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजा आणि ड्रायव्हर उतरेल एवढं दार उघडतं का ते बघा. आत गेल्यावर आरसे मिटवायला विसरू नका.

प्रश्न : पावसाळ्यात सनरूफच्या कडेने छताला ओल येते. रबर बदलू का?

उत्तर : आधी रबराला दोष देऊ नका. सनरूफच्या चौकटीत पाणी शिरतंच, ते कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून खाली जावं अशी रचना असते. झाडाखाली उभ्या गाडीत पानं आणि माती त्या नळ्यांच्या तोंडाशी बसते. सनरूफ उघडा, पन्हळ ओल्या फडक्याने पुसा आणि एकेका कोपऱ्यात कपभर पाणी हळूहळू सोडा. गाडीखाली त्याच बाजूला पाणी गळलं तर नळी मोकळी आहे. पाणी चौकटीतच तुंबलं तर नायलॉनची जाडशी दोरी हलक्या हाताने आत सरकवून मळ मोकळा करा. कॉम्प्रेसरची हवा मारू देऊ नका, नळी आतल्या जोडावरून निघते आणि मग छताचं सगळं कापड उतरवावं लागतं.