थर धरतो की स्फटिक वाढतात?

विचारणा अशी आहे: लिथियम-एअर बॅटरीवरच्या लेखाचा अनुवाद करताना 'डिस्चार्ज प्रॉडक्ट'ला 'विसर्जन उत्पादन' म्हणावं का? आणि त्याची 'वाढ होते' म्हणावं की 'थर जमतो'?

पहिला भाग चटकन मिटण्यासारखा आहे. 'उत्पादन' म्हटलं की कारखाना डोळ्यांपुढे येतो. शाळेच्या रसायनशास्त्रात 'उत्पादित' रुळलेला आहे, तोच घ्यावा. 'विसर्जन'ही नको, बॅटरी आपल्याकडे 'उतरते'. 'बॅटरी उतरताना बनणारं उत्पादित' असं एकदा लिहावं आणि पुढे सरळ पदार्थाचं नाव घ्यावं: लिथियम पेरॉक्साइड.

खरी मेख क्रियापदात आहे, कारण हा पदार्थ दोन अगदी वेगळ्या रीतींनी तयार होतो. सच्छिद्र कार्बनच्या धन विद्युताग्रावर हवेतला ऑक्सिजन एक इलेक्ट्रॉन घेतो, लिथियमशी जुळतो आणि आधी लिथियम सुपरऑक्साइड बनतं. पुढचं सगळं बॅटरीत भरलेल्या द्रावकावर ठरतं. ॲसिटोनायट्राइल हा द्रावक असेल तर त्यात ते फारसं विरघळत नाही. विद्युताग्राला चिकटूनच दुसरा इलेक्ट्रॉन घेतं आणि पेरॉक्साइडचा पातळ पापुद्रा तयार होतो. पेरॉक्साइड विजेचं दुर्वाहक. पापुद्रा ५ ते १० नॅनोमीटर झाला की इलेक्ट्रॉन पार जाईनासे होतात, व्होल्टेज कोसळतं, आणि सच्छिद्र कार्बनमध्ये भरपूर जागा शिल्लक असतानाही बॅटरी थांबते. इथे 'थर धरतो' म्हणावं, दुधावर साय धरते तसा. 'लेप' मात्र चुकेल, कारण लेप देणारा कोणीतरी लागतो.

डायमिथिल सल्फॉक्साइड या द्रावकात मात्र सुपरऑक्साइड विरघळतं आणि द्रावणातच त्याच्या दोन रेणूंमधून एक पेरॉक्साइड आणि सुटा ऑक्सिजन निघतो. तिथे पातळ पत्रे एकमेकांवर रचले जाऊन मधे दबलेल्या गोल चकत्या बनतात, काहीशे नॅनोमीटर रुंदीच्या. विद्युतधारा कमी ठेवली किंवा द्रावकात पाण्याचा अंश असला तरी याच रीतीला जोर येतो. बॅटरीची धारकता वाढते ती यामुळेच. इथे 'स्फटिक वाढतात' हेच बरोबर, आणि 'थर' लिहिलात तर लेखाचा मुद्दाच हातचा जाईल. म्हणून क्रियापद निवडण्याआधी मूळ लेखात द्रावक कोणता आहे ते बघा.

'साचणं' हे क्रियापद मी लिथियम कार्बोनेटसाठी राखून ठेवीन. ते कार्बन आणि द्रावक यांच्या विघटनातून बनतं, बॅटरी चार्ज करताना सहजी निघत नाही आणि दर फेरीला थोडं मागे उरतं.